मालवणचा दर्या आपणच राखायचा

मालवणला जरूर या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायचं की यांना आता पाहुणे नकोसे झाले. पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवायची रीत आमच्याकडे नाही. पण माजघरात दहा पानं मांडायची जागा असताना शंभर माणसं बसवली, तर शेवटच्या पंगतीच्या पानात काय पडणार? मालवणच्या समुद्रावर आज तशी वेळ आली आहे. तिथे किती माणूस मावतो हे कुणी मोजलेलं नाही, आणि दर हंगामाला माणसं मात्र वाढत चालली आहेत. हे माप आता ठरायला हवं, आणि ते मालवणच्या माणसांनी ठरवायला हवं. एवढ्यासाठी हा लेख लिहितो आहे.

मालवण म्हणजे खरं तर दोन गावं. एक काठावरचं: भरड, बाजारपेठ, मेढा, दांडी, धुरीवाडा, देऊळवाडा. दुसरं पाण्यातलं, कुरटे बेटावरचं. बाहेरच्या माणसाला ते फक्त सिंधुदुर्ग किल्ला म्हणून माहीत असतं. दोन तास फिरायचं, फोटो काढायचे, शेवटची होडी पकडायची आणि यायचं. पण तटाच्या आत देवळं आहेत, बावी म्हणजे विहिरी आहेत, माड आहेत आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणारी थोडी कुटुंबंही आहेत. पावसाळ्यात होड्या बंद पडल्या की किल्ला आणि शहर यांच्यामधलं ते एवढंसं पाणी केवढं मोठं होतं, हे त्या कुटुंबांना विचारावं. किल्ला पाहायला जाणाऱ्याने आपण कुणाच्या तरी गावात, कुणाच्या तरी दारावरून चाललो आहोत, एवढं जरी मनात ठेवलं तरी निम्मं काम होईल.

२५ नोव्हेंबर १६६४ या दिवशी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. काठावरच्या मोरयाच्या धोंड्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, तिथे पूजन करून काम सुरू झालं असं परंपरा सांगते. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत ४८ एकरांच्या बेटाला जवळजवळ तीन किलोमीटरचा नागमोडी तट पडला. पायात शिसं ओतलं. दरवाजा असा वळणात लपवला की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही. या सगळ्या गोष्टी वाटाडे सांगतात आणि लोक माना डोलावतात. मला मात्र त्या किल्ल्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतात त्या तीन बावी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं. बेटावर वस्ती करायची तर आधी पाणी बघायचं, आणि जेवढं पाणी तेवढीच वस्ती. किल्ला बांधणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक होता. साडेतीनशे वर्षांनी आम्ही त्याच बेटाभोवती माणसं आणतो आहोत, आणि हिशेब करायला मात्र विसरलो आहोत.

पर्यटन वाईट आहे असं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला त्याआधीचं मालवण ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मनीऑर्डरीवर चालणारी घरं आठवत असतील. घरटी एक माणूस मुंबईला. गिरण्या होत्या तोवर गिरणीत, त्या बंद पडल्यावर मिळेल त्या कामाला. गणपतीला आणि मे महिन्यात तेवढी घरं भरायची. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, कुडाळला उतरून लोक तारकर्लीला येऊ लागले, आणि हळूहळू मुंबईला गेलेले पोरगे परत यायला लागले. निवास-न्याहारीच्या दोन खोल्या काढून कितीतरी बायकांनी स्वतःच्या हातावर घर उभं केलं. ज्या हातांनी घरात घावणे घातले जायचे, त्याच हातांना आता त्याचे पैसे मिळू लागले. हे साधं काम नव्हे. मालवणात आज जी थोडीफार ऐपत दिसते तिच्यात या बायकांचा वाटा मोठा आहे, आणि मला ती ऐपत टिकायला हवी आहे. म्हणूनच सांगतो आहे.

कारण मागचा काळ सावकाशीचा होता. आता सावकाशी राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. महामार्ग रुंद झाला. समाजमाध्यमांवर निळ्या पाण्यातल्या मुलामुलींचे व्हिडिओ फिरू लागले. आणि जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होतं. पण वारसा म्हणून जग ज्या जागेकडे बघायला लागतं, तिथे जगही येतं. नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत उभं राहून बघा. त्या रांगेत रुग्णवाहिका अडकली तर काय होईल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि घाईने काय होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणच्याच राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्या दिवशी मालवणात जे दुःख आणि जो संताप होता तो मी विसरू शकत नाही. समोर पाण्यात १६६७ पासून लाटा झेलणारा तट उभा होता.

आता पाण्याखाली चला, कारण खरं संकट तिथे आहे आणि ते वरून दिसत नाही.

किल्ल्याच्या तटाबाहेर, ओहोटीला माणसाच्या छातीइतक्या पाण्यातही, प्रवाळ आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. तो जिवंत आहे. टाचणीच्या डोक्याएवढ्या हजारो जीवांनी चुन्याचं घर बांधत बांधत तो गोळा तयार केलेला असतो, आणि त्या जीवांच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे त्याला रंग असतो. शैवाल ऊन खाऊन अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. पाणी नेहमीपेक्षा तापलं की ही जोडी तुटते, शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. मालवणच्या प्रवाळांची अशी पांढरी पडझड शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवली आहे. ताप लवकर उतरला तर तो सावरतो. पण तापातल्या माणसाच्या छातीवर कुणी पाय देऊन उभा राहिला तर?

गेल्या डिसेंबरात मी तटाच्या मागच्या अंगाला एका ओळखीच्या पोराच्या होडीत होतो. शेजारच्या होडीतून एक कुटुंब उतरलं होतं, आई-बाप आणि एक चुणचुणीत मुलगी. पाण्याखाली तोंड घालायची सवय नाही, त्यामुळे जीव घाबरा झालेला. वडिलांनी पायांना काहीतरी टणक लागताच त्यावर उभं राहून श्वास घेतला. मुलीलाही तिथेच उभं केलं. दोघांचे फोटो निघाले. ते ज्याच्यावर उभे होते तो जेमतेम दोन वितींचा प्रवाळ होता. हा गोळ्यासारखा प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे तो तिथे त्या वडिलांच्या जन्माच्या सुमाराला रुजलेला असणार. त्यांची काहीच चूक नव्हती. उतरण्याआधी त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. थोड्या वेळाने होडीतून पावाचे तुकडे पडले, पट्ट्यापट्ट्यांचे मासे झुंबडीने आले, मुलगी आनंदाने किंचाळली. माशांना पाव घालण्यात वाईट काय, असं वाटणं साहजिक आहे. पण आयतं खायची सवय लागलेला मासा खडकावरचं शेवाळ खायचा कमी होतो, आणि न खाल्लेलं शेवाळ वाढत जाऊन प्रवाळाचा श्वास कोंडतं. निघताना होडीचा नांगर वर आला तेव्हा त्याच्या दातात प्रवाळाचा ताजा, पांढरा तुकडा अडकलेला होता.

ही सगळी जागा अभयारण्य आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त क्षेत्र, आणि त्यात तीन चौरस किलोमीटरचा गाभा, ज्यात सिंधुदुर्ग आणि शेजारच्या पद्मगडाच्या भोवतालचं पाणी येतं. तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला, कारण अभयारण्य म्हणजे आपली जाळी उचलून नेणार अशी भीती होती. ती भीती खोटी नव्हती. गरिबाला विचारल्याशिवाय त्याच्या कामाच्या जागेवर रेघ ओढली की तो विरोधच करणार. पण झालं काय? रेघ कागदावर राहिली, मच्छीमाराचा संशय कायम राहिला, आणि गाभ्यात आज सगळ्यात जास्त गर्दी आहे ती मासे पकडणाऱ्यांची नाही, मासे बघणाऱ्यांची. अभयारण्यही नाही आणि मासेमारीचा हक्कही नाही, अशा मधल्या जागेत आमचा समुद्र अडकून पडला आहे.

मच्छीमारांचा विषय निघाला आहे तर रापणीबद्दल बोललं पाहिजे, कारण मला जे म्हणायचं आहे त्याचं मूळ तिथेच आहे. रापण बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबलचक जाळं होडीत भरून तांडेल समुद्रात अर्धगोल घालतो. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर राहतात. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून ओढायला लागतात, पाय वाळूत रुतवून, मागे रेलून, एका तालात. जाळं हळूहळू आवळत काठाला येतं. कधी बांगडा मिळतो, कधी नुसताच केर आणि जेलीफिश. मासळी आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वाटेत हात लावलेल्या म्हाताऱ्यालाही पिशवीभर मासळी मिळते, विधवेच्या घरीही जाते. कोणत्या रापणीने कुठे, कधी जाळं टाकायचं याची पाळी असते. पाळी मोडली तर भांडणं होतात, आणि भांडणं गावातच मिटवली जातात. समुद्र सगळ्यांचा, म्हणून प्रत्येकाला आपली पाळी आणि प्रत्येकाला आपला वाटा. हा कायदा कुणी छापलेला नाही, तरी पिढ्यान् पिढ्या पाळला गेला.

पर्ससीन जाळ्यांनी आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीने या रापणकरांचं कंबरडं आधीच मोडलं आहे. त्याविरुद्धच्या लढ्यात मालवणचे मच्छीमार किती वर्षं रस्त्यावर आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर स्वतंत्रच लिहावं लागेल. पण आता त्यात भर पडली आहे ती किनाऱ्याच्या जागेची. जिथे रापण ओढायची तिथे खुर्च्या, छत्र्या, पाण्यावरच्या स्कूटरी. एका बाजूने जाळं येत असताना मधूनच स्कूटर जाते. रापणकर थांबतात. किती वेळा थांबतील?

माझं म्हणणं सरळ आहे. रापणीची रीत आपण पर्यटनाला लावू. पाळी लावू, वाटे पाडू, आणि समुद्राला विश्रांतीचा काळ देऊ. जून-जुलैत मासेमारी बंद ठेवायची हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. नारळी पौर्णिमेला मालवणच्या जेटीवर दर्याला नारळ वाहिल्याशिवाय खोल पाण्यात होडी घालायची नाही, हे आमच्या रक्तात आहे. मासळीला वेळ द्यायचा ही अक्कल ज्यांच्याकडे आहे, ते प्रवाळालाही वेळ देऊ शकतात.

हे बोललो की तरुण पोरं मला जे विचारतात ते इथे मांडलंच पाहिजे. त्या दिवशी होडीतल्या पोराने इंजिन बंद करून विचारलं होतं, "काकानू, गर्दी कमी केली तर होडयेचो हप्तो कोण भरतलो?" त्याचा प्रश्न टाळून मी पुढे जाणार नाही. त्याने कर्ज काढून होडी घेतली आहे, जाकिटं घेतली आहेत, मुलाला कुडाळच्या शाळेत घातलं आहे. हंगाम आठ महिन्यांचा, त्यात कमाई खरी चार महिन्यांची. त्याच्यासारखे शेकडो आहेत. मर्यादा घालायची म्हणजे सगळ्यात आधी त्याच्या पोटावर पाय येणार असेल, तर ती मर्यादा अन्यायाची, आणि ती टिकणारही नाही.

पण आजची गत बघा. होड्या जास्त, म्हणून भाव पाडण्याची चढाओढ. भाव पडला की जास्त फेऱ्या, जास्त माणसं एका होडीत, सांगणं-समजावणं कमी. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोन जीव गेले. असं काही झालं की पुढचे कित्येक दिवस सगळ्यांचाच धंदा बसतो, सरळ धंदा करणाऱ्याचाही. त्याऐवजी रोजची माणसं ठरलेली, होड्यांना पाळी लागलेली, भाव एकच आणि तो आजच्यापेक्षा चांगला, आणि जमलेल्या पैशांतून प्रत्येक होडीला वाटा, असं असेल तर त्या पोराचा हप्ता जास्त खात्रीने भरला जाईल. पाळी होडीवाल्याला नवी नाही. आपल्या आजोबांनी मासळीच्या बाबतीत जे केलं ते माणसांच्या बाबतीत करायचं आहे, एवढंच.

जगात हे झालेलं आहे. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट आमच्यासारखंच, पांढऱ्या वाळूचं. हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जायला लागलं, तेव्हा २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारने अख्खं बेट सहा महिन्यांसाठी बंद केलं. उघडलं तेव्हा बेटावर एका वेळी १९,२१५ पर्यटक आणि दिवसाला ६,४०५ नवे, अशी मर्यादा घातली. मधल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त भोगलं कुणी? रोजंदारीवर काम करणाऱ्यांनी. थायलंडचा माया बे हा किनारा एका चित्रपटामुळे जगभर गाजला, आणि पुढे त्याच्या प्रवाळांची इतकी हानी झाली की २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. २०२२ च्या जानेवारीत उघडला तेव्हा होड्यांना खाडीत येऊ देणं थांबवलं होतं, पोहणं बंद केलं होतं. मधल्या काळात तिथे शार्क परत आले. हवाईतल्या हनौमा बेमध्ये पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला माहितीपट बघावा लागतो आणि आठवड्यातले दोन दिवस तो किनारा पर्यटकांना बंद असतो. हे सगळं नंतर सुचलेलं आहे, बरंच काही गमावल्यावर. आमच्या हातात अजून आधीची वेळ आहे. बोराकायसारखं कुलूप वरून लागायची वाट बघत बसायचं, की किल्ली आपल्याकडे ठेवायची, हे मालवणने ठरवावं.

म्हणून आता ज्याचं त्याला सांगतो.

होडीवाल्यांनो, कुणाच्याही आदेशाची वाट न बघता एक गोष्ट या हंगामात सुरू करा. प्रवाळाच्या जागी नांगर टाकू नका. खडकापासून दूर वाळूवर कायमचे बोये बसवा, होडी त्याला बांधा. त्याचा खर्च प्रत्येक होडीमागे वाटून घेतला तर फार नाही, आणि नगर परिषदेकडे आणि वन खात्याकडे त्यासाठी हक्काने पैसे मागता येतील. माणूस पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं त्याच्याशी बोला. कशावर उभं राहायचं नाही, काय हातात घ्यायचं नाही, दम लागला तर कुठे धरायचं. पाव बंद. आणि डॉल्फिन दिसले की त्यांच्या मागे इंजिन पळवत जाऊ नका. इंजिन मंद करून उभे राहिलात तर बऱ्याचदा तेच जवळ येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मुंबईतल्या चाकरमान्यांनो, तुमच्याशी थोडं मनापासून बोलायचं आहे. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे जमिनीची अरुंद पट्टी. समुद्र ती दरवर्षी कुरतडतो आहे. तरी तिथल्या सातबारावरच्या नावांना परगावच्या दलालांचे फोन येतात. सामायिक जमीन, पंधरा हिस्सेदार, कुणालाच गावी येणं जमत नाही, मग विकून टाकू, असं वाटतं. ते मला कळतं. पण समुद्राकडे जाणारी पाणंद ज्या जमिनीतून जाते ती जमीन विकली की पाणंदीला फाटक लागतं, आणि रापणीचं जाळं न्यायला वाट राहत नाही. विकू नका. भाडेपट्ट्याने द्या, आणि द्यायची तर गावातल्याच कुणाला द्या. भावकीत बसून एक मुलगा किंवा मुलगी गावात राहील अशी सोय करा, त्यांना दोन खोल्यांचं घर काढू द्या. चिऱ्याच्या भिंती, वर नळे, पुढे खळं, मागे विहीर. पर्यटक काचेची इमारत बघायला मालवणला येत नाही. आणि घर काढाल तेव्हा सांडपाण्याची सोय आधी करा, व्हाळात सोडू नका, कारण व्हाळातलं सगळं शेवटी दर्यात जातं.

किनारपट्टी नियमनाचा २०१९ चा नियम वाळूवर तात्पुरत्या सोयींना मुभा देतो. पण तात्पुरतं म्हणून उभं राहिलेलं पुढच्या मे महिन्यात पक्कं होऊन बसतं, हे कोण बघणार? गावाने बघायचं. प्रवाळ आणि कांदळवन यांना त्याच नियमात सगळ्यात कडक संरक्षण आहे. तो कागद ग्रामपंचायतीत मागा आणि वाचा.

आणि येणाऱ्यांनो, तुमच्या हातात सगळ्यात मोठी ताकद आहे, कारण पैसा तुमच्या खिशातून येतो. खोली ठरवताना विचारा: घर कुणाचं, सांडपाणी कुठे जातं? होडी ठरवताना विचारा: नांगर कुठे टाकता? नाताळचा आठवडा सोडून या. नोव्हेंबरात या, फेब्रुवारीत या. तेव्हा दर्या शांत असतो आणि आम्हालाही तुमच्याशी बोलायला वेळ असतो. पाण्यात उतरताना अंगाला चोपडायचं उन्हाचं मलम टाळा, त्याऐवजी लांब बाह्यांचा सदरा घाला. अशा काही मलमांतली रसायनं प्रवाळाला मारक असतात म्हणून पलाऊ आणि हवाईने ती बंद केली आहेत. किल्ल्यावर नेलेली प्रत्येक बाटली परत आणा, त्या बेटावरून कचरा होडीनेच काठावर येतो, दुसरी वाट नाही. किल्ल्यात कुणी शहाळं विकत असेल तर ते प्या. तो माणूस तिथे राहतो.

आता शेवटचं आणि सगळ्यात निकडीचं. येत्या २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा आहेत. देवबाग, तारकर्ली, वायरी इथल्या ग्रामसभांत आणि मालवण नगर परिषदेत एकच ठराव आणायचा आहे. त्यात एवढं लिहा. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाभोवतालचं पाणी किती माणसं आणि किती होड्या पेलू शकतं याचा अभ्यास समिती नेमून समुद्रशास्त्रज्ञांकडून करून घ्यावा, आणि त्या समितीत रापणकर, होडीवाले, निवास-न्याहारी चालवणाऱ्या बायका आणि किल्ल्यात राहणारी कुटुंबं यांचे प्रतिनिधी असावेत. तोवर पुढच्या हंगामापासून आठवड्यातला एक दिवस प्रवाळाच्या जागा बंद ठेवाव्यात. किल्ल्यावर आणि पाण्यात रोज जाणाऱ्यांचा आकडा जेटीवर फळ्यावर लिहावा, सगळ्यांना दिसेल असा. रापणीच्या जागा नकाशावर आखून घ्याव्यात आणि तिथे दुसरं काही उभं राहू नये. पर्यटकांकडून जमणाऱ्या पैशांतून बोये, स्वच्छता आणि बचावाची होडी यांचा खर्च आधी भागवावा आणि त्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवावा.

ग्रामसभेत ठराव मांडायला कुणी पुढारी लागत नाही. गावातला कुठलाही मतदार उभा राहून मांडू शकतो. सभेला घरटी एक माणूस या, बायका जरूर या, कारण या धंद्याचा भार जास्त त्यांच्याच अंगावर आहे. मुंबईत असाल तर गावातल्या चुलत्याला, आतेला आजच फोन करा आणि सभेला जायला सांगा. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, ते तिथल्या तिथे वाचून बघा, प्रत मागून घ्या, आणि तिच्यावर रापणकरांच्याही सह्या आहेत ना, एवढं पाहूनच सभेतून उठा.